विहिरीच्या कडेवरचा चपलांचा जोड

मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. वायर जोडली की करंट, काढली की बंद... माझा देवधर्म एवढाच. वर्षातनं एकदा अणदूरच्या खंडोबाला जातो, तेही बायको मागं लागते म्हणून. तेव्हा हे वाचून मला कुणी भगत समजू नये. धर्मबिर्मही बदललेला नाही, आधीच सांगून टाकतो. नंतर कमेंटमध्ये भांडत बसू नका.

लोहाऱ्यात माझ्या दुकानामागं मार्थाबाई राहतात. ख्रिश्चन, रिटायर नर्स, वय सत्तरीच्या पुढं. रोज दुपारी बाराला दार लोटून अर्धा तास गप बसतात. एकदा त्यांचा मिक्सर द्यायला गेलो तर तो अर्धा तास उन्हात उभा राहिलो. वैतागून विचारलं, बाई, एवढा वेळ देवाकडं मागता तरी काय? तर म्हणाल्या, काहीच न्हाय. मग चहा पाजून समजावत बसल्या. श्वास घेताना मनात 'प्रभू' म्हणायचं, सोडताना 'मी इथं'. बस. मन पळालं तर, शेळी दुसऱ्याच्या रानात शिरल्यावर वळवून आणतो तसं आणायचं, चिडायचं नाही. मठ नको, डोंगर नको, भाजी निवडतानाही जमतं म्हणे. आधी मागणं संपतं, मग शब्द संपतात, आणि मग नुसतं कुणाच्या तरी जवळ बसल्यासारखं होतं. त्यांच्यातले जुने साधू लोक हेच करायचे. मी म्हणालो, ह्यानं मिक्सर चालू झाले असते तर मी उपाशीच मेलो असतो. बाई लई हसल्या.

आता मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लोहाऱ्यापासून सातेक किलोमीटरवर एका गिऱ्हाइकाची विहीर आहे... चाळीस फूट खोल, अरुंद, तळाला गुडघाभर पाणी. मोटारीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गाळात रुतला होता. मालक तुळजापूरला लग्नाला गेलेले, रानात चिटपाखरू नाही. आमच्याकडं एक रीत आहे. विहिरीत उतरणाऱ्यानं चपला कडेला काढून ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की आत माणूस आहे. जेवढे जोड, तेवढी माणसं. मी ती रीत मोडली. चपला नव्या होत्या, आणि तिथल्या कुत्र्यानं आधी माझी एक पळवलेली. म्हणून गाडीच्या डिकीत टाकल्या, मोबाईलही तिथंच. डिकीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. शहाणपणाच म्हणा ना!

फुटवॉल उपसताना बाजूचा दगड सरकला आणि उजवा पाय घोट्यापर्यंत त्याच्याखाली गेला. हाड मोडलं नव्हतं, पण पाय काही निघेना. पहार वर राहिली होती. हातानं गाळ उकरला, तर दगड अजून बसला. आरडाओरडा केला. आपलाच आवाज फिरून अंगावर यायचा.

आणि बाराला शेतीची थ्री फेज लाईट आली. वरच्या पाइपातनं बोअरचं पाणी धो-धो विहिरीत पडायला लागलं. मालक बोअरचं पाणी त्या विहिरीत साठवायचे, आणि लाईट आली की बोअर आपोआप सुरू व्हावं म्हणून ऑटो स्टार्टर बसवलेलं... ते बसवणारा मीच. वर त्यांना म्हटलं होतं, आता निवांत लग्नाला जा. लाईट आठ तास राहणार होती. मी हिशोब केला... पाणी डोक्यावरनं जाणार होतं.

पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. खंडोबाला नवस बोललो, आईला हाका मारल्या, पोरीचं लग्न बघू दे म्हणून रडलो. छातीला पाणी आल्यावर आवाजच बसला. मग कशानं कोण जाणे, बाईंचं ते आठवलं. प्रभू... मी इथं. प्रभू... मी इथं. शेळी शंभरदा पळाली, शंभरदा आणली. किती वेळ गेला माहीत नाही. पाणी थांबलं नाही, दगड हलला नाही, मी अडकलेला तो अडकलेलाच. पण भीती गेली. माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी होतं. दिसलं काही नाही, बोललं काही नाही. होतं. माझ्याइतकंच अडकलेलं, पण घाई नसलेलं.

पाणी हनुवटीला आलं होतं तेव्हा वर रशीदचाचांचं डोकं दिसलं. ते त्या बाजूला शेळ्या चारतात. त्यांनी आधी बोअर बंद केलं, वस्तीवरची माणसं आणली, दोर, पहार, सगळं झालं. वर आलो तेव्हा मी रडत होतो. सगळ्यांना वाटलं, जीव वाचला म्हणून. खरं सांगू? मला वर यायचं नव्हतं.

चाचांनी चपला पुढं सरकवल्या. म्हणाले, ह्या दिसल्या म्हणून वाकून बघितलं, न्हायतर म्या सरळ पुढं चाललो होतो. जुन्या चामड्याच्या, टाचेला झिजलेल्या. मी म्हणालो, माझ्या नाहीत, माझ्या डिकीत आहेत. किल्लीनं डिकी उघडून दाखवल्या. चाचांचा चेहरा उतरला.

"मग आत दुसरा कोन हाय?"

वस्तीवरच्या दोघांनी बुड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी विहीर तळापर्यंत उपसली. कुणी नाही. वस्तीत कुणाच्या चपला हरवलेल्या नाहीत.

मी लंगडत मार्थाबाईंकडं गेलो. वाटलं, खूश होतील. त्या मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चपलांच्या मागं लागू नका, भाऊ. असलं काही दिसलं तरी हातातनं सोडून द्यायचं असतं. जवळ कोण होतं, तेवढंच धरा."

मला राग आला. मला उत्तर पाहिजे होतं, अजून पाहिजे. उतरताना मीच कडेला नीट बघितलं नसेल, कुणी वाटसरू विसरला असेल... सगळं म्हणून बघितलं, पटत नाही. दुपारी बाराला दुकानाचं शटर अर्धं ओढून बसतो आता. बायको हसते. विहिरीतल्यासारखं पुन्हा काही झालेलं नाही.

मालकांनी भीतीपोटी त्या चपला हलवल्याच नाहीत. अजून कडेलाच आहेत. म्हणजे आमच्या रीतीनं बघायचं तर... आत माणूस आहे.