मुकादमाची शिकवणी

चहा गार होईल, पण हे आधी ऐका. चूक माझी होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. म्हणजे मधेच तुम्ही माझी बाजू घेणार नाही. तुम्ही घ्याल, कारण ऐकताना माझंच बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं.

सोनगीरला माझ्या सासरी सगळ्यांचं एक पक्कं मत होतं, की सूनबाई गरीब आहे. गरीब म्हणजे तोंडाची. लग्नाला चार महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत मी सासऱ्यांसमोर जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, पत्त्याला जागा सोडून. नव्या सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्यांच्या कानावर आवाज जाऊ द्यायचा नाही, अशी त्या घरची रीत. आणि सासरे, म्हणजे नाना, दिवसभर ओट्यावर बाज टाकून. तिथून अंगण दिसतं आणि स्वयंपाकघर ऐकू येतं. मग मी बोलायचं कुठे, विहिरीत?

पण जी बोलत नाही तिला राग येत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? मला यायचा. मी तो कणकेत मळायचे. आमच्या पोळ्या मऊ व्हायच्या त्या उगाच नाही.

तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जळगावला गेले होते. हे मला न्यायला आले तेव्हा आम्ही पहूरला माझ्या मामांकडे जेवायला गेलो. मामा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. दवाखान्याच्या दारात एक कुत्रा बसला होता. एक कान फाटलेला, मागचा पाय किंचित आखूड. ट्रकनं उडवलेला हा मामांना रस्त्याकडेच्या चारीत सापडला होता, त्यांनीच हाड बसवलं. आता तो दारात बसून येणाऱ्या प्रत्येक म्हशीकडे कामावर उशिरा आल्यासारखं बघायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही. बोलले ते आमचे हे.

"द्या की मामा आम्हाला. एवढं मोठं अंगण आहे. मी स्वतः शिकवीन त्याला."

मामा खूश, मामी खूश. मीसुद्धा, कसं सांगू, लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याकडे नीट मान वर करून बघितलं.

सोनगीरला पोचलो. अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "कुत्रं? कसाले?"

हे पायातले बूट काढत म्हणाले, "तिनं हट्ट धरला. मी काय करणार?"

मी तिथेच उभी होते. पदर डोक्यावर, पिशवी हातात, आणि तोंड बंद. ह्यांनी बूट जागेवर ठेवले आणि हातपाय धुवायला गेले.

अक्कांनी एवढंच बजावलं, "मनी बिबडीले तोंड लावं, ते त्याच दिन रस्तावर सोडी दिसू." पाऊस यायच्या आत बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळायला हवेत, आणि ते अंगणातच वाळतात. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, नको तितकं.

नानांनी ओट्यावरून निकाल दिला. "वटपुनीलोंग ठेवा. राखन करी ते राही, नई ते मामाघर."

म्हणजे वटपौर्णिमेपर्यंत मुदत. शिकला तर कुत्रा आमचा, नाहीतर परत पहूर. खरं सांगू? त्या घरात माझ्या मनासारखी आलेली ती पहिलीच गोष्ट असणार होती. ती परत गेली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पोळ्या मात्र फारच मऊ झाल्या असत्या.

मामा पंधरा दिवसांनी कुत्रा आणणार होते. तोवर मी तयारीला लागले. गोणपाट धुऊन वाळवलं, वर जुन्या लुगड्याची चौघडी शिवली. चेपलेली जर्मलची परात पाण्याला काढली. गळ्यातला पट्टा धुळ्याहून हे आणणार होते. हे रोज धुळ्याला कचेरीत अपडाऊन करायचे. पहिल्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुकान बंद होतं." चौथ्या दिवशी मी विळीवर ह्यांचा कमरेचा पट्टा कापला. जुना होता. म्हणजे, लग्नातला.

मामांचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "शिकवणारं माणूस एकच असावं. हाक एकच, खूण एकच. ऐकलं की लगेच घास द्यावा. खुणेत बदल करू नये."

मग मामा केळीच्या ट्रकमधून मुकादमला उतरवून गेले, आणि शिकवणी माझ्यावर आली. स्वतः शिकवणारे तेव्हा वर्तमानपत्र वाचत होते.

आता सांगा, हाक कशी मारू? अंगणात "ये", "बस" असं मोठ्यानं ओरडायचं, आणि ओट्यावर नाना. शक्यच नव्हतं. दोन दिवस मी नुसती विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी वाट सापडली, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या अकलेवर खूश झाले. माझ्या दोन्ही हातांत लग्नाचा हिरवा चुडा कोपरापर्यंत होता. बांगड्या खळखळल्या की "ये". पदर कपाळावर पुढे ओढला की "बस". आवाज नाही, शब्द नाही. प्रत्येक वेळी भाकरीचा तुकडा. सुनेनं पदर सावरला, बांगड्या वाजल्या, यात कोणाला काय दिसणार?

वीस दिवसांत मुकादम तयार झाला. बांगड्या वाजवल्या की तीन पायांवर धावत, चौथा सांभाळत यायचा. पदर ओढला की जागच्या जागी बसायचा, समोर बिबड्यांची खाट असली तरी. परका माणूस फाटकात आला की असा भुंकायचा की पोस्टमन पत्र भिंतीवरून टाकायला लागला. नाना मान डोलवायचे. वटपौर्णिमेला चार दिवस उरले होते. मी जिंकले होते.

त्या दुपारी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवर ही गर्दी. दीड तासानं परत आले तर अंगणात मुकादम नाही. गोणपाट रिकामं. खाटेवरच्या एका बिबडीचा कोपरा मोडलेला. नाना तोंडावर उपरणं घेऊन झोपलेले. आणि अक्का चुलीपुढे बसलेल्या, हातात नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या.

"मुकादम कुठे?" मी हळूच विचारलं.

"व्हई आठेच कोठे तरी," असं म्हणून त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि लाकूड आत ढकललं.

बास. मला सगळं कळलं. बिबडीला तोंड लावलं, आणि यांनी त्याला रस्त्यावर सोडला. आग्रा रोडवर. त्या ट्रकांमध्ये. आणि वर बांगड्या भरून घेतल्या! सण करतात का कोणी कुत्रा हाकलल्याचा?

मी गल्ली पालथी घातली. किल्ल्याच्या वाटेवर जाऊन आले, हायवेपर्यंत गेले. बांगड्या इतक्या वाजवल्या की दोन फुटल्या. नाहीच.

दिवेलागणीला हे धुळ्याहून आले. मी सांगितलं. हे बूट काढत म्हणाले, "जाऊ दे. येईल. कुत्रंच ते."

त्या बुटांकडे बघितलं आणि मला काय झालं, मला माहीत नाही.

"कुत्रंच ना? मग पहूरला कशाला मागितलंत?" मी म्हणाले. म्हणाले म्हणजे, पलीकडच्या आळीत खिडक्या उघडल्या. "मामांसमोर 'मी स्वतः शिकवीन', आणि इथे आल्यावर 'तिनं हट्ट धरला'? मी तोंड तरी उघडलं होतं का तिथे? तुम्ही बूट काढता तेव्हा खोटं बोलता, हे आता मला पाठ झालंय. एक पट्टा आणवला नाही तुमच्याच्यानं. कमरेचा पट्टा हरवला म्हणून शोधताय ना? तो त्याच्या गळ्यात आहे."

ह्यांचा हात कमरेकडे गेला.

मी अक्कांकडे वळले. "आणि तुम्ही. एका बिबडीसाठी लंगड्या जीवाला ट्रकखाली सोडलंत. माझं म्हणून एकच होतं या घरात, तेही बघवलं नाही. आणि लगेच बांगड्या भरल्यात?"

पदर कधीच खांद्यावर आला होता. नाना बाजेवर उठून बसले होते. अक्का उठल्या. आत गेल्या, आणि कागदात गुंडाळलेली एक पुडी आणून माझ्या हातात ठेवली. उघडली. डझनभर हिरव्या बांगड्या, माझ्या मापाच्या.

"वटपुनीले तुले," त्या म्हणाल्या. "कासारीन उनी व्हती दुपारले. तू गिरनीवर व्हती. तुनी काल फुटेल बांगडी दखाडीसन माप दिधं, बिबडीना तुकडा तिले चाखाले दिधा."

कासारीण. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावभर चालणारी कासारीण. पावलागणिक खळखळ, खळखळ.

तेवढ्यात फाटक वाजलं.

टोपली डोक्यावर, घामाघूम कासारीण. तिच्या मागे, अगदी टाचेला टाच, मुकादम.

"हाऊ तुमना कुत्रा शे ना?" ती टोपली उतरवत कडाडली. "दुपारपाईन मना मांगे मांगे फिरी राहिना. चाल म्हनं ते जात नई. मी पदर सावरा का खाले बसस, टोपली उचली का उठीसन चालस. गिऱ्हाईक हात पुढे करस, बांगडी वाजस, का त्याना आगोदर हाऊच मना मोऱ्हे. याले बांगड्या भरू का आते? मनी भाकर खाई गया. मोटरमा चढू गई, ते कंडक्टर म्हने, तुनंच कुत्रं शे, खाले उतर."

अक्कांनी तिला पाणी दिलं. हे माझ्याकडे बघत होते, अक्का माझ्याकडे, नानाही माझ्याकडे. कोणालाच काही उमगलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर उमगलंही नसतं.

पण मला इतकी लाज वाटली की मी घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला आणि कपाळावर ओढला.

मुकादम खाली बसला.

मी चटकन हात खाली घेतले. बांगड्या वाजल्या. मुकादम उठून माझ्याकडे आला आणि भाकरीच्या तुकड्यासाठी वर बघू लागला.

कासारिणीनं एकदा कुत्र्याकडे, एकदा माझ्या हातांकडे बघितलं. मग कासारीण म्हणाली, "हाई अशी गंमत शे व्हय," आणि हसत सुटली. तिच्यामागे अक्का. ह्यांनी हसायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं.

शेवटी नाना. चार महिन्यांत त्यांनी मला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न.

"सूनबाई, इतला मोठा आवाज घरमा व्हता, आनि तू कुत्राले बांगड्या वाजाडीसन बलावत व्हती?"

मी खाली बघत अक्कांची माफी मागितली. त्यांनी माझा हात ओढून नव्या बांगड्या चढवायला घेतल्या, म्हणजे मिळाली असावी. कुत्रा राहणार, असं नाना म्हणाले, पण एका अटीवर. उद्यापासून तोंडानं बोलवायचं. सगळ्यांना ऐकू येईल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर उभी राहिले आणि या घरात पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "मुकादम, इकडे ये."

चुलीपुढून अक्का आल्या. मोरीवरून हे आले, अर्ध्या गालाला साबण तसाच. नाना काठी टेकत आले. समोरच्या घरातली दोन माणसंही आली.

मुकादम तेवढा जागचा हलला नाही. हाक मारण्याआधी मी सवयीनं पदर कपाळावर ओढला होता.