चौथा आरसा

देवानं माणसाला छळायला बरीच माणसं निर्माण केली असतील, पण आमच्या समोरच्या काकांइतकं मन लावून, घासूनपुसून छळणारं माणूस अख्ख्या लातुरात सापडायचं नाही. घासूनपुसून म्हणतो ते उगाच नाही. सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच फाटकातून हाक यायची, "सर, पुसला का?" काय पुसला? आरसा! माझ्याच कंपाउंडच्या बाजूच्या भिंतीवर, मला न विचारता, वर माझंच स्टूल मागून घेऊन ठोकलेला त्यांचा आरसा!

काकांचं मुखेडला कापडाचं दुकान होतं. बाईच्या खांद्यावर साडी टाकायची, तिला आरशापुढं उभं करायचं आणि "बघा, कसा रंग खुलून राहिला!" म्हणायचं, यात उभा जन्म गेला. म्हातारपणी दुकान विकून लातूरला आले, पण आरसे काही विकले नाहीत. काकू म्हणजे आमच्या गल्लीचं सरकार. ओट्यावर बसल्या बसल्या कोणाकडं पाहुणा आला, कोणाच्या पोरानं शाळा बुडवली, सगळ्यावर नजर. त्या न्हाणीत पडल्या, खुबा मोडला आणि पार आतल्या खोलीत खाटेला खिळल्या. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवण टाकलं, बोलणं टाकलं. डॉक्टर म्हणाले, यांचं मन रमवा, नाहीतर काही खरं नाही. काकांनी तातडीनं टीव्ही आणला. काकूंनी एका वाक्यात निकाल लावला, "त्यात आपली गल्ली न्हाई."

झालं! काका मुखेडला गेले आणि तिथं नातेवाइकांकडं ठेवलेले दुकानातले आरसे गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीनं लातूरला परत आले. एक माझ्या भिंतीवर, एक त्यांच्या घरातल्या बोळीच्या वळणावर आणि एक खाटेच्या पायथ्याशी. "काही न्हाई सर, उजेडाला नुसती वळणं द्यायची," म्हणाले, जसं काही शेतात पाटाचं पाणी फिरवून राहिलेत. संध्याकाळी माझी बायको हातगाड्यावर भाजी निवडत होती, तर समोरच्या घराच्या पोटातून आवाज आला, "अगं ए, ती भेंडी जून हाय, घेऊ नको!" बायको दचकलीच. काका ओट्यावर लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. त्या रात्री काकू भाकरी जेवल्या म्हणे. आनंद आहे! पण आमचं काय? त्या दिवसापासून मला दारात बनियनवर उभं राहायची सोय उरली नाही. आतून काकूंचा आवाज यायचा, "सर, पाठीला भोक पडलंय!" सकाळचं ऊन त्या आरशावरून थेट माझ्या डोळ्यांत यायचं, म्हणून एकदा मी तो हळूच जरासा फिरवला. लगेच आतून बोंब, "अहो, गल्ली गेली!" आणि काका अनवाणी धावत आले.

बरं, स्वतः काय करायचे? ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर माझ्या भिंतीवरच्या आरशात बघत बसायचे. मी पोटतिडकीनं बोलतोय आणि हे आरशात बघून हसताहेत, मिशीवरून हात फिरवताहेत. "या वयात स्वतःला एवढं काय निरखायचं?" म्हणून मी घरात चिडचिड करायचो.

कहर झाला संक्रांतीला. आमच्या अंगणात हळदीकुंकू होतं, बायका दाटीनं बसल्या होत्या, आणि काकूंचा आवाज आला, "अगं बाई बाई! सरांची बायको डाव्या हातानं कुंकू लावून राहिली!" बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एका बाईनं तर पदरानं कपाळ पुसून टाकलं. माझी बायको घरात येऊन रडली. "मी काय एवढी बिनवळणाची हाय का?" मी तणतणत भांडायला गेलो, तर काका खाटेच्या पायथ्याशी बसून विचार करत होते. मला म्हणाले, "सर, जरा तुमच्या फाटकात जाऊन उजवा हात वर करा." का कोण जाणे, मी गेलो. भर गल्लीत हात वर करून उभा! आतून हुकूम, "डावा दिसून राहिला! आता दुसरा करा!" जाणारे-येणारे माझ्याकडं काळजीनं बघत होते. मग काका बाहेर आले, चेहरा उजळलेला. "तीन आरशांत उजव्याचं डावं होतंय, सर. चार केले की जग सुलटं!" दुसरा कोणी असता तर माझ्या बायकोची माफी मागून मोकळा झाला असता. यांनी चौथा आरसा आणला! तो आतल्या खोलीच्या दाराशी लावून झाल्यावर माझ्या बायकोला फाटकात उभं केलं. तिनं रागारागानं उजवा हात दाखवला. आतून बारीक आवाज आला, "हाव, उजवाच हाय. चुकलं गं पोरी माझं." बायको तशीच करंडा घेऊन समोर गेली आणि काकूंना कुंकू लावून आली.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. झोपेतच.

परवा काका पेचकस घेऊन दारात उभे. "आरसा काढून घेतो, सर. तुम्हाला लई तरास दिला." इतके दिवस मी याच वाक्याची वाट बघत होतो, पण माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या की. पुसत जाईन मी."  काका हाताला धरून मला ओट्यावर घेऊन गेले, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बघा."

मी माझ्या भिंतीवरच्या आरशात बघितलं. मला वाटलं, माझं तोंड दिसेल. पण तिथं मी नव्हतोच. त्यांचं दार होतं, बोळ होती, बोळीचं वळण होतं, आणि पार शेवटी, इवलीशी, आतल्या खोलीतली खाट.

"तिला गल्ली दिसायची आन् मला ती दिसायची," काका म्हणाले. "अधूनमधून हात करायची. आता नुसती खाट दिसून राहिली, सर. बसवत न्हाई इथं."

 मी घरात जाऊन स्टूल आणलं आणि काका आरसा काढेपर्यंत ते धरून उभा राहिलो.

आता सकाळी फाटकातून हाक येत नाही. डोळ्यांत ऊन येत नाही. चहा अगदी निवांत होतो, आणि मेला घशाखाली उतरत नाही.