फाटलेल्या दुधाची अमावस्या

मोतीबाई मुद्दाम दूध फाडायला शिकली, तवा तिचे निम्मे केस पिकले होते. त्याआधीचा उभा जन्म दूध फाटू नये म्हणून जपण्यात गेला. भांडी उन्हात वाळव, ओलं फडकं गुंडाळ, आन तरी नासलंच तर दिवसभर तोंड पाडून बस. आन दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आमी बचत गटाच्या बाया तिला एकदम म्हणलो, "याडी, पिळ लिंबू!" याडी म्हंजे आई; सगळा तांडा तिला तेच म्हणतो. लिंबू पिळताना तिनं डोळे गच्च मिटले. मला तर हसू आवरंना.

कारण साधं होतं. आमचं दूध डेअरीची गाडी मातीमोल भावानं न्यायची आन घरची लेकरं काळा चहा प्यायची. कनेरगाव नाक्याचे ढाबेवाले मात्र लांबच्या शहरातून पनीर आणायचे. मग आमीच काहून करू नये? नाक्यावरचा अमृतराव ढाबेवाला आमचं पहिलं आन एकुलतं गिऱ्हाईक. मोतीबाई गटाची अध्यक्ष, पण पनीर तिनं कधी चाखलं न्हाई. फाटलेलं कोण तोंडात घालतंय, म्हणायची.

आमच्या तांड्यात अमावस्येला दूध इकत न्हाईत, लेकरांना वाटतात. आन एकदा नेमका अमावस्येच्याच सकाळी अमृतरावाचा निरोप आला. उद्या लग्नाचं जेवण हाय, आज संध्याकाळीच पनीर पायजे, न्हाईतर परत तुमच्या दारात येणार न्हाई.

मोतीबाईचं डोकंच चालंना. "मिरा, फाटलेलं दूध, दूध असतं का न्हाई गं?"

मला काय ठाऊक! तिनं तांड्याच्या नायकाला, धनसिंगला विचारलं. तो म्हणला, फाटलं म्हंजे दूध संपलं, खुशाल इका. शेजारची जिवनबाई म्हणली, म्हशीच्या सडातून आलंय, दूध न्हाई तर काय दगड हाय? तिला दोघांचंबी बराबर वाटलं, तीच तर तकलीफ. दूध चुलीवर ठेवायची, उतरवायची, परत ठेवायची. शेवटी मी खेकसले, "याडी, पिळ एकदाचं!"

तिनं पिळलं.

सांजच्याला अमृतराव फटफटीवर आला. मोतीबाईनं दगडाखालचं फडकं सोडलं, तर दारात लेकरं वाट्या घेऊन उभी, दर अमावस्येसारखी. सगळ्यांत पुढं तिची नात दिपा. "याडी, आज दूध न्हाई?"

मोतीबाईनं अमृतरावाकडं बघितलं, वाट्यांकडं बघितलं. मग विळी ओढली आन पनीर कापून वाट्यांत टाकतच सुटली. मी ओरडून राहिले, जिवनबाई कपाळ बडवून राहिली. अमृतराव शिव्या घालत गेला.

दिपानं तुकडा चघळला. "याडी, हे तर दूधच हाय की. चावायचं दूध."

मोतीबाईनं तिच्या वाटीतला कण उचलून तोंडात टाकला, आन उंबऱ्यावर बसून रडायलाच लागली. "व्हय गं बाई, दूधच हाय."

अमृतराव खरंच आला न्हाई. आमी परत डेअरीच्या गाडीपुढं उभ्या. राग तर असा आला होता, की मी तिच्याशी कितीक दिवस धड बोलले न्हाई. दिवाळीच्या तोंडावर कुठं दुसरा ढाबेवाला गावला. पहिल्याच दिवशी मोतीबाईनं त्याला बजावलं, अमावस्येला येऊ नको.

"काहून?"

"त्या दिवशी आमी खातो."