घायपाताचा दोर

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाली आणि लग्न ठरलं, एवढंच माझं शिक्षण. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून जे पाहिलं ते कागदावर ठेवते.

लढाईचे दिवस होते. काष्टीच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. ते झाडायचं आणि घंटा वाजवायची हे काम आमच्या घरी होतं. म्हणजे हे वाजवत आणि मी झाडत असे. घंटा दारावरच्या कमानीत होती आणि तिचा दोर ओसरीत लोंबायचा.

आमची मंडळी सगळी पूर्वीच्या महारवाड्यातली. मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेलं घर एकच, एक म्हातारी आणि तिची विधवा मुलगी. दोघी दोर वळून पोट भरत. म्हातारी उपासनेला यायची, पण ओसरीतच बसायची. आत ये असं तिला कुणी म्हणत नसे आणि येऊ नको असंही म्हणत नसे. प्रभुभोजनाच्या दिवशी आम्ही सगळे एका प्याल्याला ओठ लावत असू. तिच्यापाशी मात्र थोरले पंच स्वतः जायचे आणि चमच्याने तिच्या ओंजळीत वरून द्राक्षारस सोडायचे.

नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घंटेचा जुना दोर तुटला. लढाईमुळे बाजारात चांगला दोर मिळेना. पंचांनी म्हातारीला बोलावून सांगितलं, "नाताळच्या आत वळून दे. सात रुपये देऊ."

घरचा वाख पुरण्यासारखा नव्हता. वाख म्हणजे घायपाताची पानं कुजवून, बडवून काढलेला धागा. बाकीचा तिने काष्टीहून विकत आणला, तोही स्वतःच्या कफनासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. हे तिच्या मुलीनेच मला विहिरीवर सांगितलं.

दोर बांधला त्या दिवशी म्हातारी पंचांना म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ द्या वाटलं तर. मी मेल्यावर मला भिंतीच्या आत ठेवा. बाहीर नगं."

कबरस्तानाला दगडी भिंत होती. तिचा नवरा भिंतीबाहेर बाभळीखाली पुरला होता आणि कोल्ह्यांनी ती जागा उकरली होती.

"पैसे देऊ की नाताळला," पंच म्हणाले. "जागेचं काढू नको."

नाताळ झाला. वर्गणी कंदिलांच्या रॉकेलमध्ये गेली. "ईस्टरला देऊ," असं ठरलं.

म्हातारी आपली ओसरीत बसायची. गीत चाललं की ती दोराचं टोक हातात धरायची, ओढायची नाही. तरी वरून घंटेचा बारीक गुंजल्यासारखा आवाज यायचा. मी शेवटच्या चटईवर, दाराशी बसत असे. मला वाटायचं, वारा असेल. एकदा तिने माझं तोंड पाहिलं आणि हसून म्हणाली, "भिऊ नगं सूनबाई. दोराला वळणाऱ्याचा हात वळखू येतो."

त्यानंतर ओसरी झाडताना मी दोराला खांदा लागू देत नसे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात म्हातारीने अंथरूण धरलं. मी एकदा पेज घेऊन गेले. तिने फक्त विचारलं, "जागेचं काय म्हनले पंच?" मी पेजेची वाटी तिच्यापुढे सरकवली.

उत्तम शुक्रवार आला. गुरुवारच्या रात्रीपासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटेपर्यंत आमच्याकडे घंटा वाजवत नाहीत. ह्यांनी दोराची वेटोळी करून खुंटीवर अडकवली होती. बारा वाजता प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांची उपासना सुरू झाली. नगरहून पाळकसाहेब आले होते. ऊन असं होतं की बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. आम्ही भुताखेतांना मानत नाही, हे पाळकसाहेब नेहमी सांगत. तरी भर बाराला देवळासमोरच्या चिंचेखालून आमच्यातलंही कुणी जात नसे.

तिसरं वचन संपलं. सगळे डोळे मिटून गुडघ्यांवर होते. मी डोळे उघडले, का ते माहीत नाही. खुंटीवरून दोराचं एक वेटोळं घसरलं. मग दुसरं. घाई नव्हती, कुणी उलगडावं तसा दोर उलगडला आणि सरळ लोंबू लागला. ओसरीत कुणी नव्हतं. मग तो ताणला गेला. खाली कुणी दोन्ही हातांनी धरलंय असा तो ताठ झाला आणि घंटेचा एक टोल पडला.

 एक तान्हं मूल रडत होतं ते थांबलं. हे उठून गेले, दोर धरला आणि लगेच सोडला. नंतर मला म्हणाले, "गरम लागला गं. आत्ता वळलाय असा."

तेवढ्यात दारात म्हातारीची मुलगी आली. धावत आली होती.

"आई गेली," ती म्हणाली.

उपासना कशीबशी संपली. ओसरीत माणसं जमली. दोर मधोमध लोंबत होता आणि त्याच्याभोवती हात-दोन हात जागा सोडून सगळे उभे होते.

पंच म्हणाले, "बाभळीखाली नवऱ्याशेजारी खणा. उन्हं उतरायच्या आत उरका."

पाळकसाहेब बायबल मिटून बाजूला झाले. खणायचं काम ह्यांच्याकडे होतं. हे तसे गरीब स्वभावाचे, पंचांसमोर मान वर न करणारे. त्या दिवशी म्हणाले, "मामा, खणतो की. तुमी फकस्त ह्यो दोर खुंटीला आडकवा. मग म्हनाल तिथं खणतो."

"मी कशाला? तुझं काम हाय ते."

"माझा हात धजंना. तुमचा बघा."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पंच पुढे आले. दोराजवळ हात नेला. वारा नव्हता, चिंचेचं पानही हलत नव्हतं. दोर इंचभर त्यांच्या हाताकडे सरकला. हे मी पाहिलं, आणि ते पाहणारी मी एकटी नव्हते. पंचांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"आत खणा," ते म्हणाले.

संध्याकाळी म्हातारीला भिंतीच्या आत ठेवलं. कफन माझ्या लग्नातल्या पांढऱ्या पातळाचं होतं.

पुनरुत्थानाच्या पहाटे ह्यांनी घंटा वाजवली. दोर सोडला, गीत सुरू झालं, पहिलं कडवं झालं आणि वरून आणखी एक टोल पडला. पंच म्हणाले, "घंटा जड हाय, झोका ऱ्हातो." पण झोका एवढा वेळ राहत नाही. त्यानंतर दर रविवारी तसंच व्हायचं. लोक गीत म्हणता म्हणता त्या टोलाची वाट पाहायचे आणि तो पडला की आवाज चढवायचे. लहान मुलांना ओसरीत खेळू देत नसत.

म्हातारीची मुलगी ईस्टरपासून ओसरीत बसली नाही. सरळ आत आली आणि माझ्या चटईवर बसली. मी सरकून जागा दिली.  तिच्या हातांना वाखाचा वास यायचा.

बाजरी निघाल्यावर पिकांचा सण आला. लोक शेतातलं काही ना काही देवाला आणतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. पंच मेजामागे उभे होते. हातात मोठा भोपळा होता.

"बोला, बोला! असा भोपळा भिंगारच्या छावणीतल्या गोऱ्या सायबालाबी मिळायचा न्हाई!"

लोक हसत होते. तेवढ्यात म्हातारीची मुलगी उभी राहिली.

"मामा, भोपळ्याआधी माझ्या आईचा दोर काढा लिलावाला."

पंचांच्या हातातला भोपळा तसाच राहिला. "देवळाचा दोर हाय तो, पोरी."

"इकत कवा घेतला देवळानं?"

"आगं, तुझ्या आईला आत जागा दिली की. मग पैसं कसलं?"

"जागा तिची हुतीच," ती म्हणाली. "बाप्तिस्मा झाला तवाच झाली. त्ये काय तुमी दिलेलं न्हाई. पैसं येगळं."

 आणि त्याच क्षणी ओसरीतून घंटेचा टोल आला. हे माझ्या शेजारीच उभे होते. ओसरी रिकामी होती.

पंचांनी भोपळा खाली ठेवला. लिलावाच्या डब्यातून पैसे काढले, मेजाला वळसा घालून आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. तिने हात पुढे केला. मला वाटलं, आता वरून टाकतील. त्यांचा हात थोडा थांबलाही. मग खाली आला, तिच्या तळहाताला टेकला आणि त्यांनी एकेक रुपया तिथे ठेवला.

तिने मोजले. सात होते. पदराच्या टोकात बांधून गाठ मारली आणि ओसरीकडे बघून म्हणाली, "फिटले गं आई."