देव्हाऱ्यातली वाळू

माझ्या वहिनीने नऊ वर्षं ज्या वाळूला हळदकुंकू वाहिलं, ती गिरगाव चौपाटीची नव्हती. ती माझ्या माशांच्या टाकीतली होती. त्यापायी वहिनीच्या गुडघ्यांची वाट लागली. तिला हे आता कळलं आहे. उरलेल्या चाळीलाही कळावं म्हणून लिहितो.

निवृत्त झाल्यावर मी पाणवनस्पतींची काचेची टाकी मांडली. अशा टाकीत मासे हे पाहुणे. संसार चालतो तो तळावर, कारण झाडांची मुळं तिथेच जेवतात. गावाहून आणलेली लाल माती चाळून खाली दोन बोटं पसरायची, आणि तिने पाणी गढूळ करू नये म्हणून वर तीन बोटं वाळू. चौपाटी घरापासून दहा मिनिटांवर. पिशवी भरून आणली. महिन्याभरात पानं पिवळी पडली.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं, "वाळूवर लिंबू पिळून बघितलंत का?"

पिळलं. वाळू सोड्यासारखी फसफसली. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड होतं आणि झाडं रुसतात. मग नदीची बारीक वाळू आणली. लिंबू पिळलं तर गप्प बसली. मोरीत बसून ती बारा पाण्यांनी धुतली. शेजारच्या खोलीतून वहिनी बघत होती.

"भावजी, मासे सोडायचेत की पुलाव करायचाय?"

आमचा गणपती दीड दिवसाचा. दादा गेल्यावरही वहिनीच्याच खोलीत यायचा. त्या वर्षी तिने जाहीर केलं, "माझे गुडघे संपले. यंदाचा शेवटचा." विसर्जनाला मी गेलो. विसर्जन झालं की तिथली मूठभर वाळू पाटावर घरी आणायची, तिची आरती करायची, मग ती वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायची, ही आमची पद्धत. मी वाळू घेतली, निघालो, आणि वाटेत मिसळीचा वास आला. पाट भिंतीला टेकवून खायला बसलो. चाळीचा जिना चढताना पाहिलं, तर वाळू वाटेतच सांडलेली, पाट कोरडा ठणठणीत.

जिन्यावरून आधी माझी खोली लागते, मग तिची. मी आत शिरलो, बाही वर केली, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि मूठभर वाळू पाटावर थापली. वहिनी दारात निरांजन घेऊन उभी.

"यंदा वाळू किती स्वच्छ आहे हो!"

"साफसफाई चांगली ठेवलीय आता," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "भावजी, धावा!" देव्हाऱ्यातल्या ओल्या वाळूवर नखाएवढा निमुळता शंख चालत होता. मी त्याला ओळखत होतो. या गोगलगायी वाळूत बिळं करून राहतात, तळ भुसभुशीत ठेवतात, म्हणून मीच त्यांना पाळलं होतं.

"शेवटचा म्हणाले ना मी," वहिनीने हात जोडले. "तो जायला तयार नाही. शंख पाठवला बघा."

खरं बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "तांब्याच्या भांड्यात नको ठेवूस. काचेच्या वाटीत ठेव." तांब्याने गोगलगाय मरते.

"तुम्हाला देवाचं काय कळतं?" असं म्हणत तिने काचेची वाटी घेतली.

या गोगलगायीला पिल्लं घालायला जोडीदार लागत नाही. दिवाळीपर्यंत वाटीत सात शंख झाले. वरच्या मजल्यावरच्यांनी दोन नेले, समोरच्यांनी एक. 'तांब्यात ठेवू नका' हे सांगत मी घरोघर फिरलो. म्हातारा देवाला लागला, असं लोक म्हणायचे.

आणि वहिनी दरवर्षी स्टुलावर बसून एकवीस मोदक वळायची, भिंत धरून उठायची. डॉक्टर ऑपरेशन कर म्हणायचे. ती म्हणायची, "गणपतीनंतर बघू. शंख आलाय घरात, थांबवू कशी?" यंदा उन्हाळ्यात मोरीपर्यंत जातानाही तिला दोनदा थांबावं लागलेलं मी पाहिलं. तसाच तिच्या खोलीत गेलो.

"वहिनी, ती वाळू माझ्या टाकीतली. शंख म्हणजे गोगलगाय."

"मी ऑपरेशन करावं म्हणून थापा मारताय."

"लिंबू आहे घरात?"

शंखाची म्हणून त्या वर्षीची वाळू वहिनीने देव्हाऱ्यात डबीत जपली होती; तिच्यातली चिमूटभर बशीत घेतली. चौपाटीची असती तर फसफसली असती, हे तिला सांगितलं. तिने स्वतः लिंबू पिळलं. बशीत एक बी पडली, बाकी काही झालं नाही. वहिनीने वाकून कान लावला. अर्ध्या लिंबाचं सालपट झालं तरी वाळू गप्प.

"नऊ वर्षं मी गोगलगायीला दूर्वा वाहिल्या?"

"तिने खाल्ल्याही असतील," माझ्या तोंडून निघून गेलं.

लिंबाचं सालपट माझ्या कपाळावर बसलं. मग तिने बशी स्वतःकडे ओढली. "म्हणजे मला नऊ वर्षांपूर्वीच सुटी मिळाली होती," ती हळू म्हणाली. मी कपाळ पुसत उभा राहिलो.

ऑपरेशन आषाढात झालं. गणपती बंद झाला नाही. "त्याचा काय दोष?" वहिनी म्हणाली आणि त्याला माझ्या खोलीत धाडलं. टाकीशेजारी बसला. मोदक मी केले, वहिनी खुर्चीतून सूचना देत होती. एकवीसपैकी चारांना कळ्या नीट आल्या. बाकीच्यांना तिने बटाटेवडे म्हटलं.

विसर्जनाहून मी कुठेही न थांबता परतलो. पाट दोन्ही हातांनी धरला होता. दारात वहिनी खुर्चीवर बसलेली, मांडीवर तबक, तबकात निरांजन आणि शेजारी कापलेलं लिंबू. मला तिने उंबऱ्याबाहेरच थांबवलं. लिंबू पिळलं, कान लावला. वाळू फसफसली.

"हं," वहिनी म्हणाली. "आता म्हणा आरती."