दसऱ्यानंतरची छाटणी

नाशिकला नवं घर घेतलं तेव्हा मी हौसेनं दारात गुलाब लावला. दोन वर्षं तो नुसताच वाढला, फूल नाही. दसऱ्यानंतर द्राक्षबागांच्या छाटणीला निघालेला सुरगाण्याकडचा एक मजूर आमच्या फाटकाशी जीपची वाट बघत होता. गुलाबाकडे बघून म्हणाला, "ताई, लय लाड केले तुम्ही. आळशी झालंय ते."

मी हसते न हसते तोच आत येऊन, फांदीवरचे डोळे अंगठ्यानं चाचपत, त्यानं झाड कात्रीनं गुडघ्याएवढं करून टाकलं. मला रडूच कोसळलं.

डिसेंबरच्या थंडीत अकरा कळ्या आल्या.

पुढच्या वर्षी छाटणी मीच केली. तो आला, झाडाभोवती फिरला आणि फक्त प्यायला पाणी मागितलं. एवढी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.