कालबुबू आपाच्या नावाची घोडी

सायराकानला एका शब्दाचा भारी राग होता: म्हातारपण. तेवीस वर्षं नारीनच्या डोंगरातल्या एका गावचा दवाखाना ती चालवत होती. शिक्षणाने नर्सच्या वर आणि डॉक्टरच्या खाली, पण गावाला तीच काय ती डॉक्टर. कुणी गेलं की वहीत मरणाचं कारण लिहायचं कामही तिचंच. स्वतःच्या आईच्या नावापुढेही तिने 'म्हातारपण' असंच लिहिलं होतं. आई वर्षभरात वाळत गेली, बोलेनाशी झाली, आणि या बाईने एकदाही तिची नाडी मिनिटभर धरून मोजली नाही. ते तिला आजवर खात होतं.

म्हणून शेजारची कालबुबू आपा गप्प झाली तेव्हा सायराकानचं डोकं फिरलं. कालबुबू म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची तोफ. लोकरीची जाजमं शिवायला बायका जमल्या की सगळ्यांची उणीदुणी काढणारी. ती आता भिंतीला टेकून बसून राहायची. कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक, समोर ठेवले तरी हात लावत नव्हती. जिल्ह्याच्या डॉक्टरने उदासपणावर थेंब लिहून दिले आणि गावाने ठरवून टाकलं की आपा आता निघाली.

तिचा मुलगा तोलोबेक गुणी होता, आणि गुणी मुलाने करायचं तेच त्याने केलं. कळपातली एक घोडी आणून अंगणात बांधली आणि तिला जव चारायला सुरुवात केली. तिकडे जनाज्याच्या जेवणाला घोडी कापतात. आईच्या जनाज्याला आलेला माणूस अर्धपोटी परतला असता, तर लोकांनी त्याला जन्मभर नावं ठेवली असती. आईला कुणी काही बोललं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

सायराकान चहाच्या निमित्ताने रोज जाऊन बसू लागली. तिने पाहिलं, आपा जमिनीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रेटते. बाहेर बर्फ असताना अंगावरची शाल ढकलून देते. एका दुपारी आपाचा डोळा लागलेला असताना तिने नाडी धरली. घाबऱ्या माणसाची नाडी झोपेत शांत होते. ही झोपेतही धावत होती, आणि अडखळत धावत होती.

त्या डोंगरात गळ्याच्या ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा, आजार कुणाला नवा नव्हता. गावातल्या निम्म्या आज्यांचे गळे फुगलेले. ग्रंथी पेटली की डोळे बाहेर येतात, हात कापतात, बाई घरभर नाचते, हे शेंबडं पोरही सांगायचं. आपाचा गळा साफ होता आणि हात स्थिर. त्यामुळे तिथे कुणाचा संशयच जात नव्हता.

सायराकानचा मात्र गेला. ती तोलोबेकला म्हणाली, आपाला नारीन शहरात नेऊ, रक्त तपासू.

"एजे, तिला सुखाने जाऊ दे गं," तो म्हणाला. तिला तो थोरली बहीण मानायचा. "वाटेतच गेली तर? आईला रस्त्यावर मारलं म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. अर्धं मी खाईन."

"जिल्ह्याचा डॉक्टर काय मूर्ख आहे?"

"नाही रे. त्याने बसलेली बाई पाहिली, मी उठणारी पाहिली. घोडीला दोन वेळा जव घालतोस ना? मग आईसाठी एक दिवस काढ. रक्तात काही निघालं नाही, तर दवाखान्याची किल्ली तुझ्या हातात देते आणि घरी बसते."

गाव हसलं. सायराकानला मरणाशी भांडायची खोडच आहे, असं म्हणालं. तिने आपाला रजयांत गुंडाळलं आणि जीपमध्ये घातलं.

रक्ताने सायराकानची बाजू घेतली. ग्रंथी बेफाम सुटली होती. नारीनची डॉक्टरीण म्हणाली, तरण्यांना हा रोग पळवतो, म्हाताऱ्यांना कधीकधी नुसता बसवून ठेवतो. ग्रंथीच्या गोळ्या मिळाल्या, काळजासाठी वेगळ्या मिळाल्या. महिना गेला तरी फरक दिसेना, आणि गावाची जीभ पुन्हा सैल सुटली. सायराकान रोज जाऊन स्वतःच्या हाताने गोळी देत राहिली.

सातव्या आठवड्यात आपा सुनेला म्हणाली, "हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" सून रडायलाच लागली.

उन्हाळ्यात आपा काठी टेकत, सायराकानच्या सोबतीने अंगणात आली. घोडी तुकतुकीत झाली होती. आपाने विचारलं, ही कुणाच्या लग्नासाठी? तोलोबेक बुटांकडे बघत राहिला.

"माझी होय?" आपा म्हणाली.

तिने घोडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, चरबी चाचपली. मग वाकून खुंट्याची गाठ स्वतः सोडली आणि दोर मुलाच्या हातात दिला.

"कळपात सोडून ये. आणि पुढच्या खेपेला आधी माझी नाडी धर, मग जव मोज."

सायराकान तिथून सरळ दवाखान्यात गेली. तिने जुनी वही काढली आणि आईच्या नावाचं पान उघडलं. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. तिने 'म्हातारपण' खोडलं, वर 'कुणी तपासलं नाही' असं लिहिलं आणि खाली आपली सही केली.